मोत्यांसारख्या दातांचा सेनापती

३ फेब्रुवारी
बायकोनं आज एक जाडजूड ऐतिहासिक प्रेमकादंबरी हातात ठेवली. म्हणाली, वाचा आणि कशी वाटली ते सांगा, मला त्यावर तुमच्याशी बोलायचंय. चला, इतक्या वर्षांनी का होईना, घरात माझ्या मताची किंमत कळली. रविवारपर्यंत फडशा पाडतो. मुद्दे काढून व्यवस्थित सांगतो.

४ फेब्रुवारी, दवाखाना
पहिल्याच प्रकरणात सेनापती हसतो आणि त्याचे मोत्यांसारखे दात चमकतात. शिसारी आली. अख्खा जन्म रणांगणात गेलेला, तोंडावर ढाली आदळलेल्या. असल्या माणसाचे दात जागेवर राहिले तरी नशीब. आणि नायिकेला म्हणे त्याच्या श्वासाला चंदनाचा वास येतो. मी दातांचा डॉक्टर आहे, रोज माणसांच्या तोंडात डोकावतो. मला चंदन सांगू नका.
जेवताना हे सगळं बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, पुढे वाचा.

६ फेब्रुवारी
घोडा दिवसभर दौडतो, पाण्याचा थेंब पीत नाही. वेढ्यात अडकलेला सेनापती अठरा पानी प्रेमपत्र लिहितो. कागद कुठला, शाई कुठली, विचारायचं नाही. वाचकाला अगदीच खुळा समजलेत. पुस्तक बंदच करणार होतो, पण शत्रू बुरुजावर चढत होता. असं मध्येच सोडणं बरं नव्हे. टीका करायची तर पुरावे लागतात.

७ फेब्रुवारी
दवाखान्यात किरकोळ घोटाळा. निवृत्त हेडमास्तरांच्या कवळीचं माप घेत होतो. तोंडात मसाला भरला, म्हटलं तो घट्ट होईपर्यंत पानभर वाचून घेऊ. नेमकं मीलनाचं प्रकरण निघालं आणि भलतंच लांबलं. इतकं किळसवाणं की डोळा हलेना. हेडमास्तर जोरजोरात हातवारे करत होते. मला वाटलं, त्यांनाही पटतंय. शेवटी असिस्टंट बाईंनी जोर लावून माप उपटून काढलं. तोंड मोकळं झाल्यावर हेडमास्तर जे बोलले, ते शाळेत शिकवत नसावेत.
चूक लेखकाची. प्रकरणं आटोपशीर लिहायला काय होतं?

९ फेब्रुवारी, रविवार
बोलणं झालं. म्हणजे मी बोललो. घोड्यापासून सुरुवात केली आणि घोड्यावरच तासभर गेला. बायको मध्येच काहीतरी सांगायला लागली, तिला हातानं थांबवलं. मुद्दा निसटतो. जरा वेळानं ती उठून कपड्यांच्या घड्या करायला गेली. पालथ्या घड्यावर पाणी.

११ फेब्रुवारी
संपली एकदाची. शेवट सगळ्यात भिकार. सेनापती बारा वर्षांनी घरी येतो आणि बसल्या बैठकीला स्वतःच्या लढाया सांगत सुटतो. बायकोला एका शब्दानं विचारत नाही, तू कशी होतीस म्हणून. असल्या माणसाबरोबर ती राहिलीच कशी? कुणाला पटेल?
तावातावानं बायकोला सांगायला गेलो. ती बॅग भरत होती. म्हणाली, अख्ख्या पुस्तकात मला तेवढंच खरं वाटलं. म्हणून तर तुम्हाला वाचायला दिलं.
बॅग कशाला, विचारलं. बहिणीकडे चालली होती. परवा सांगितलं होतं म्हणे. कधी येणार, तर बघते म्हणाली.
गाडीपर्यंत सोडायला गेलो. काहीतरी बोलायला हवं होतं. माणूस बायकोला अशा वेळी काय विचारतो, तेच सुचेना. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीशी वाकून विचारलं, ब्रश घेतलास ना?
हो म्हणाली.