उजव्या अंगाचा पाइप

गुरु. ६ फेब्रु.
साप्ताहिक सुट्टी. पहाटे कारेगावहून निघालो, न्हावऱ्यावरून दौंड, नवाला गावी. दादा नदीवरच. संध्याकाळी त्याला होडी गाड्यावर चढवताना पाहिलं. पाऊण तास लागला. मासेमारीची फायबरची होडी, मागं इंजिन, आणि बासष्ट वर्षांचा एकटा माणूस गुडघाभर चिखलात. दोनदा इंजिन चोरीला गेलं तेव्हापासून होडी रोज घरी आणतो. रानातून घरी जाताना शेजारच्या सोपानचा ट्रॅक्टर गाडा ओढून नेतो, पण सोपानची बायपास झालीय, जोर लावायचा नाही. सीटवरूनच दादाला म्हणतो, "आप्पा, जरा दमानं."

वहिनी श्रावणात गेल्या. सुरुवातीला हात लावायला माणसं यायची. आता ज्याला त्याला आपापली कामं.

दादाच्या मुलाचं, महेशचं, शिक्रापूरहून रोज फोनवर एकच. आबा, होडी विका आन् इकडं या. पोरगा वाईट नाही, बापाची काळजी आहे त्याला. शेवटी होळीपर्यंतची मुदत ठरली. एकट्याला चढवता आली तर ठेवायची, नाहीतर विकायची. महेशची एक खोली, खाली हायवे. दादा तिथं काय करणार? ट्रक मोजणार.

सोम. १०
कंपनीत जुन्या कन्व्हेयरचे रोलर भंगारात पडलेत. साहेबांना विचारून गेटपास केला. "बोटीला? फिरायला जाता का काय?" हो म्हटलं. कोण समजावत बसणार.

घरी अंगणात बेअरिंग रॉकेलने धुतले. ही चहा घेऊन आली, म्हणाली, आत्ता बरं सुचलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

गुरु. १३
गाड्यावर रोलर बसवले. काठावर लाइट नाही म्हणजे वेल्डिंग नाही, सगळं नट-बोल्टवर. होडी अर्ध्यापर्यंत छान सरकली आणि उजवीकडे तिरकी होऊन खाली. तीन वेळा तेच. तिसऱ्यांदा इंजिनाचा पंखा वाकला. विंच लावून दोराने ओढू का विचारलं तर दादा म्हणाला, "होडी काय हिरीतनं काढायची हाय?" ती रेटूनच चढवायची, त्याच्या डोक्यात दुसरं काही बसत नाही.

वाकलेला पंखा दादानं स्वतःच ठोकून सरळ केला. मला रागावला असता तर बरं झालं असतं.

गुरु. २०
दोरी ताणून गाडा मापला. काटकोनात. रोलर लेव्हलमध्ये. इतकी वर्षं मशिनींचे बिघाड काढतोय, हा काही सापडेना. मग पँट वर करून पाण्यात उतरलो आणि मागून बघितलं.

बिघाड गाड्यात नाहीच. दादा डाव्या कोपऱ्याला उभा राहून रेटतो. मधे उभा राहा म्हटलं. "व्हय व्हय." मधे आला. दोन पावलं रेटलं की परत डावीकडे. पुन्हा सांगितलं, पुन्हा तसंच. मी चिडलो, आवाज चढला माझा. तेव्हा सोपान वरून म्हणाला, "त्यांच्यावर कशाला वरडता? उजवा कोपरा वैनींचा व्हता."

तीस वर्षं दोघांनी अशीच चढवली. तो डावीकडून, त्या उजवीकडून. दादा इंजिनाशी काहीतरी खुडबुड करत राहिला.

मंगळ. २५
लिहून टाकतो, डोक्यातून जात नाही. आठ-नऊ वर्षं झाली असतील. दिवाळीला वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या, लुगड्यावरून कमरेला पट्टा. "भावजी, कंपनीच्या येवढ्या मशिनी नीट करता, आमच्या गाड्यावर होडी सरकायला चार चाकं बसवा की. कंबर ऱ्हात न्हाई आता." म्हटलं, बघू पुढच्या सुट्टीला. त्यानंतर किती गुरुवार गेले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, विसरल्या.

ही मात्र विसरली नव्हती, म्हणून तर त्या दिवशी 'आत्ता बरं सुचलं'.

गुरु. २७
गाड्याच्या दोन्ही अंगाला उभे पाइप बोल्टने आवळले. दादा कुठंही उभा राहिला तरी होडी पाइपाला टेकून सरळ जावी. पाइप आखूड पडले. होडी उजव्या पाइपावर चढली आणि तिथंच अडकली. अंधार पडेपर्यंत मी आणि दादा. सोपान खाली उतरायला निघाला, त्यालाच ओरडून बसवलं.

दादा म्हणाला, "सोड आता. महेशला व्हय म्हणून सांगतो."

तरी जाताना माप घेतलं.

गुरु. ६ मार्च
लांब पाइप, वर रबर. घड्याळ लावलं. चार मिनिटं. दादा डावीकडेच होता, होडी उजव्या पाइपाला घासत सरळ वर आली. सोपानने हॉर्न वाजवला.

मी दादाकडे पाहिलं. होडीची कड धरून उभा. म्हणाला, "येवढंच काम व्हतं?"

हो म्हटलं.

"येवढंच व्हतं, तर ती तीस वरसं चिखलात कशापायी उभी ऱ्हायली, बाळू?"

राग नव्हता आवाजात. सरळ विचारत होता. नट आवळायचे पाने गोळा केले आणि निघालो. न्हावऱ्याला चहा घेतला, तसाच टाकून उठलो.

बुध. १२ मार्च
सकाळी शिफ्टला निघताना दादाचा फोन. स्वतःहून करत नाही कधी. रोज एकटाच चढवतो म्हणाला. काही अडचण नाही.

मग म्हणाला, "उजव्या अंगाचा पाइप तेवढा काढून टाक."

म्हटलं, दादा, मग पुन्हा वाकडी जाईल.

"ठाव हाय."

उद्या महेश बघायला येतोय म्हटलं. वाकडी गेली तर तो होडी ठेवणार नाही.

"त्ये बी ठाव हाय. तिच्या जागंला लोखंड नको वाटतंय बघ." एवढं बोलून फोन ठेवला.

उद्या होळी, सुट्टी. महेश दुपारी गावी पोचणार, मी आधी जाणार. चोवीस नंबरचा पाना पिशवीत टाकला, काढला, परत टाकला. हिने विचारलं, काय करणार? नाही माहीत म्हटलं. पिशवी दाराशी ठेवलीय, पाना आत आहे.