फोनवरच्या वहिनीचा चेहरा कोणाच्या मालकीचा

मी, ज्याला वर्तमानपत्रे पॉप आर्टिस्ट म्हणतात आणि ज्याला माझे कैलासवासी थोरले बंधू शेवटपर्यंत ‘पोस्टरवाला’ म्हणत, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी आजच तपासून तसे सांगितले. हात थरथरतो, पण त्याचा अकलेशी संबंध नाही. कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वीचे माझे कोणतेही मृत्युपत्र सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर आणि खालचा स्टुडिओ वहिनीला, तिच्या पश्चात पुतणीला. मी शिक्षण अर्धवट टाकून परत आलो तेव्हा दादा दार अडवून उभा होता आणि वहिनीने आतून ताट वाढल्याची हाक मारली. ‘एवढ्या घरात एकटी काय करतेस’ असे तिला कोणीही विचारू नये.

२. बँकेतील शिल्लक पुतणीला. ती मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवते आणि माझ्या कामाला ‘काकाचं भिंती रंगवणं’ म्हणते. अट एकच, त्यातून माझा पुतळा उभारू नये. कबुतरांशी माझे कधीच पटले नाही.

३. शाई, चौकटी, रबरी पट्ट्या हा सर्व सरंजाम शाईरावांना. साबणाच्या कारखान्यात आम्ही दोघे वेष्टने छापत होतो. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने कागदावर शाई ओढायला त्यांनीच शिकवले. एकदा गुलाबी रंग सरकून वेष्टनावरची बाई दुहेरी दिसू लागली. माल रद्दीत गेला, पण मी तीच बाई भिंतीएवढी करून छापली. तिथून आमची गाडी रुळावर आली. कारखान्याच्या मते घसरली.

४. माझ्या पहिल्याच प्रदर्शनावर ‘ही चित्रे नव्हेत, दुकानाच्या पाट्या आहेत’ असे लिहिणाऱ्या समीक्षक महाशयांना मी तरुणपणी रंगवलेली ‘येथे जुने कपडे रफू करून मिळतील’ ही खरी पाटी द्यावी. फरक त्यांना घरबसल्या तपासता येईल. राग नाही. थोडा आहे.

५. आता ‘फोनवरची वहिनी’. एका सकाळी वहिनीच्या केसांना साबण लागलेला असताना नळाचे पाणी गेले. डोक्याला टॉवेल गुंडाळून ती पाणीपुरवठ्याच्या साहेबाला फोनवर फैलावर घेत होती. फोटो काढू का, असे मी खुणेने विचारले. “काढा भावजी, पण मला मध्ये तोडू नका,” एवढे बोलून ती पुन्हा साहेबाकडे वळली. त्या फोटोवरून मी भडक रंगांत चित्र छापले. ते संग्रहालयात गेले. तिथून कपांवर, पिशव्यांवर आणि अनोळखी लोकांच्या छातीवर.

दादा भडकला. घरची बाई चव्हाट्यावर मांडलीस म्हणाला आणि माझ्याशी बोलणे टाकले. वहिनीने त्याला परोपरीने सांगितले की ती बाजारात रोजच जाते, आता पिशवीवर बसून जाते इतकेच. तो ऐकेना. वर्षे गेली. मग त्याला इस्पितळात ठेवावे लागले. तिथल्या नर्सनी वहिनीला ओळखले. साहेबाला नेमके काय सुनावले, हे तिच्याच तोंडून ऐकायला सगळा वॉर्ड गोळा झाला आणि तिनेही हातचे न राखता सांगितले. दादा उशीवरून बघत होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने मला खुर्ची जवळ ओढायला लावली. मग म्हणाला, “पोस्टरवाल्या, निदान केस वाळल्यावर तरी काढायचास.”

आम्ही हसलो. त्याच आठवड्यात तो गेला. पण बोलून गेला.

हल्लीच माझी चित्रे विकणाऱ्या गॅलरीच्या मालकांनी सुचवले, की माझ्या पश्चात हे चित्र ज्या जाळीतून छापतो ती फाडून टाकावी, म्हणजे चित्र दुर्मिळ होईल. चेहरा वहिनीचा, म्हणून मी त्यांना तिच्याकडे पाठवले. ती म्हणाली, “मी कसली दुर्मिळ? माझ्यासारख्या गल्लोगल्ली आहेत. छापत राहा.” सबब ती जाळी आणि चित्राचे सर्व हक्क वहिनीचे. ती म्हणेल तितक्या प्रती शाईरावांनी छापाव्यात आणि ज्याला भिंतीवर लावायची त्याला परवडेल अशाच द्याव्यात. मालकांना एक प्रत सप्रेम भेट, बिनसहीची.

६. मालक गेल्यावर वहिनी मला म्हणाली, “आता एक पांढऱ्या केसांचं करा. पाणी अजूनही जातंच, हे कळू दे लोकांना.” ते चित्र मी सुरू केले आहे. निळा रंग हात हलल्याने रेषेबाहेर गेला. तो कोणी सुधारू नये, वहिनीला आवडला आहे. पिवळा तेवढा राहिलाय. मी न उरल्यास तो वहिनीने स्वतः ओढावा. शाईरावांनी शेजारी उभे राहावे, सूचना करू नयेत.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, पटले.

(सही) पोस्टरवाला

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
(सही) तपासणारे डॉक्टर
(सही) शेजारचा शिंपी. वाचताना हसला, म्हणून त्याला पुन्हा वाचायला लावले.

स्थळ: खालचा स्टुडिओ
तारीख: शिक्क्याप्रमाणे, आजची

ता. क. वहिनीलाही साक्षीदार म्हणून सही करायची होती, पण ज्याला वारसा मिळतो त्याची साक्ष चालत नाही, असे कागद बघायला आलेल्या वकीलबाईंनी सांगितले. मग वहिनीने पिवळ्या शाईच्या डब्यात अंगठा बुडवून इथे कोपऱ्यात उमटवला. त्याला साक्ष समजू नये. माझ्या संग्रहातले शेवटचे चित्र समजावे.