पहिला अंगठा

॥ श्री ॥

हैदराबाद,
ता. १८ ऑगस्ट १९५३

ती. सौ. पार्वतीवहिनींस बन्सीधरचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर आता माझ्यापेक्षा वळणदार झालं आहे. शिकवणाऱ्या दिराला विसरू नका म्हणजे झालं. माझी तब्येत ठीक. खोलीत सोबतीला वरंगळकडचे एक आमदार आहेत, आमच्यासारखेच विरोधी बाकावरचे. त्यांच्या लोणच्यानं माझे दात आंबलेत, पण माणूस दिलदार आहे.

कामाचं लिहितो. नव्या कायद्यानं कुळाला जमिनीवरून उठवता येत नाही. म्हणून मालक लोक कुळाकडूनच राजीनामा लिहून घेतात, की मी राजीखुशीनं जमीन सोडली. आपल्या परभणी जिल्ह्यात अशी किती कुळं उठली, हा सवाल मी सभेत दोनदा विचारला. मंत्री दोन्ही वेळा म्हणाले, एकाही कुळाची तक्रार सरकारकडे नाही. तर आता तक्रारच नेऊन त्यांच्यापुढं ठेवायची. पोखर्णी आणि आसपासच्या कुळांचे अंगठे एका अर्जावर पाहिजेत. दादांना वेगळं लिहिलं आहे. माझं पत्र ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवावं, म्हणजे लोकांची भीती मोडेल. आपल्या सुग्रीवचा अंगठा सगळ्यांत आधी घ्यावा. आपल्या घरचं कूळ पुढं आलं की बाकीचे मागं राहायचे नाहीत.

दादांना नमस्कार. माया आहे तशीच दाट राहू द्यावी.

आपला,
बन्सीधर

॥ श्री ॥

पोखर्णी,
ता. ९ सप्टेंबर १९५३

चि. बन्सीधर भावजींस पार्वतीचे अनेक आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल. काल पोळा झाला. पुरणपोळीला तुमची आठवण काढली. लग्नाचं विचारलं की तुम्ही सभेचं सांगता. ती सभा काही तुम्हाला पोळ्या करून वाढायची नाही.

तुमचं काम झालं. परवा ओसरीवर माणूस मावेना. तुमच्या दादांनी तुमचं पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि सत्तावीस अंगठे झाले. सुग्रीव पहिला. त्यानं आधी रांजणावर जाऊन हात धुतले, धोतराला पुसले, मग अंगठा दिला. त्याची बायको धुरपदा दाराआडून विचारायला लागली की कागदात काय लिवलंय, तर तिच्यावरच खेकसला, की भाऊच्या कागदाला काय इचारायचं असतंय का. तुम्हाला तो भाऊच म्हणतो.

सुग्रीवचा अंगठा मात्र दोन कागदांवर घेतला. एक तुमचा अर्ज आणि एक स्टांपाचा कागद. बाकी कुणाला स्टांप नव्हता. मी विचारलं तर तुमचे दादा म्हणाले, सभेत पहिल्या नावाला लागतो. आज त्याला कचेरीतही नेलं होतं. साहेबानं विचारलं म्हणे, अंगठा राजीखुशीनं दिला का. यानं सांगितलं, राजीखुशीनं, आमच्या भाऊसाठी दिला. आल्यापासून गावभर तेच सांगत हिंडतोय. तुमच्या सभेची रीत मला ठाऊक नाही. स्टांपाचं काय ते कळवा.

तब्येतीला जपा आणि वहिनीवरचा जीव कमी करू नका.

तुमची,
पार्वती

॥ श्री ॥

हैदराबाद,
ता. २१ सप्टेंबर १९५३

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

अर्ज मिळाला. सत्तावीस अंगठे बघून छाती भरून आली. वरंगळकरांनी तर कागद कपाळाला लावला. सवाल डिसेंबरच्या बैठकीत येईल. यावेळी मंत्र्यांना पळायला वाट ठेवत नाही. स्टांपाचं काही समजलं नाही. दादांचं काहीतरी वेगळं काम असेल. इथं बसायला फुरसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. राग नसावा, लोभ असावा.

आपला,
बन्सीधर

॥ श्री ॥

हैदराबाद,
ता. ११ डिसेंबर १९५३

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

हे पत्र दादांना दाखवू नये.

आज माझा सवाल आला. मी अर्ज वर धरला, पहिलं नाव सुग्रीवचं वाचलं आणि विचारलं की ही तक्रार सरकारला दिसते का. मंत्री शांतपणे उठले. त्यांच्या हातातही कागद होता. ते म्हणाले, सन्माननीय सभासदांच्या या सुग्रीवनं सप्टेंबरातच अकरा एकरांचा राजीनामा दिला आहे, कचेरीत येऊन राजीखुशीनं दिल्याचं सांगितलं आहे, आणि ज्यांना जमीन परत मिळाली ते किशनराव सन्माननीय सभासदांचे सख्खे थोरले बंधू आहेत. मग म्हणाले, दिव्याखाली अंधार असतो तो असा. सगळं सभागृह हसलं. आमच्या बाकावरचेही हसले. मी अर्ज वर धरून उभाच होतो. अध्यक्षांनी पुढचा सवाल घेतला.

खरं काय ते लिहा. मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी खरं सांगणार नाही.

आपला,
बन्सीधर

॥ श्री ॥

पोखर्णी,
ता. १९ डिसेंबर १९५३

चि. बन्सीधर भावजींस अनेक आशीर्वाद.

खरं आहे. तो स्टांपाचा कागद म्हणजेच राजीनामा होता. मी तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं असतं तर वेळ होती. हे लिहिताना मला तुमचाही राग येतोय, तो मी लपवत नाही.

परवा सुग्रीव स्वतः पेरलेल्या ज्वारीच्या राखणीला गेला, तर तुमच्या दादांनी त्याला बांधावरूनच परत फिरवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, कायदा सगळं गिळायच्या आधी घरचं वाचवलं, आणि त्यात बन्सीधरचाही हिस्सा आहे. कुंपणच शेत खायला लागलं भावजी, आणि त्या कुंपणात आपण दोघंही आलो. सुग्रीवला मी सगळं सांगितलं. त्याला पटत नाही. तो म्हणतो हे सरकारचं काम हाय, भाऊच्या घरचं न्हाई, भाऊ सभेत इचारील.

कचेरीतला कारकून सांगतो, हरकत घ्यायची मुदत पंधरा जानेवारीपर्यंत आहे. तुम्ही या आणि साहेबापुढं सांगा की अर्ज म्हणून फसवून अंगठा घेतला. मीही बयान देते. मी डोळ्यांनी बघितलंय. त्यानंतर या घरात माझं काय होईल ते मी बघून घेईन. निदान सही करून पत्र तरी पाठवा.

वाट बघते. माया असेल तर या.

तुमची,
पार्वती

॥ श्री ॥

हैदराबाद,
ता. ४ जानेवारी १९५४

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. पक्षातल्या वडीलधाऱ्यांपुढं सगळं ठेवलं. ते म्हणतात, मीच कचेरीत जाऊन सांगितलं की पहिला अंगठा फसवून घेतला, तर सरकार उरलेले सव्वीसही खोटे ठरवील. जिल्ह्यातल्या सगळ्या कुळांचं गाऱ्हाणं एका सुग्रीवपायी बुडेल. कायद्याची दुरुस्ती पुढच्या महिन्यात सभेत येते आहे. तेव्हा मी हा मुद्दा काढीन, नावं न घेता. तोवर थांबावं असं ठरलं.

म्हणून आत्ता पत्र देता येत नाही. तुम्हीही बयान देऊ नये, घर मोडेल. मला हे लिहिताना लाज वाटते. तरी लिहितो आहे. शक्य असेल तर लोभ ठेवावा.

आपला,
बन्सीधर

॥ श्री ॥

पोखर्णी,
ता. २४ जानेवारी १९५४

चि. बन्सीधर भावजींस आशीर्वाद.

तुम्ही नको म्हणालात तरी मी कचेरीत गेले होते, चौदा तारखेला, धुरपदाला बरोबर घेऊन. साहेब बरं बोलला. म्हणाला, बाई, तुम्ही मालकाची बायको, नवऱ्याविरुद्ध तुमचं एकटीचं बोलणं मी कसं धरू, आमदारसाहेबांच्या दोन ओळी असल्या तर आणा. मी आणल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मुदत सरली. घरी आल्यापासून तुमचे दादा माझ्याशी बोलत नाहीत. त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

अकरा एकरांची ज्वारी आपल्या खळ्यावर येईल. मला तिची भाकरी गिळवणार नाही, पण गिळीन, दुसरं काय करू.

सुग्रीव आणि धुरपदा परवा पिंगळी स्टेशनाहून आगगाडीनं गेले, ऊसतोडीला, लांब नगरकडं. बैल इथंच विकले. जायच्या आधी तो ओसरीवर आला. खरं म्हणजे मी आत लपले होते, पण त्यानं हाक मारली. म्हणाला, “भाऊला सांगा, आमी येईस्तोवर सवाल बंद करू नका.” त्याला तुमच्यावर राग नाही. असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यानं शाई मागितली आणि एका कोऱ्या कागदाखाली अंगठा उठवला. म्हणाला, मी लांब चाललो, भाऊला सभेत कधी कागद लागला तर अडायला नको, वर काय लिव्हायचं ते भाऊ लिव्हतील. मी नको म्हणाले तर हसला.

तो कागद सोबत पाठवला आहे. या घरात तो ठेवायची मला भीती वाटली. तुमच्याकडं पाठवतानाही वाटते आहे.

लोभाचं तुम्ही विचारलंत. तो मी तोडला नाही, पण त्याचं काय करावं ते मला सुचत नाही.

तुमची वहिनी,
पार्वती