त्या साली हिव होतं का

५ जानेवारी
सकाळी गिरणीचा पट्टा फिरेना. थंडीनं आखडला. दोनदा चालू केली, दोनदा बंद. मग ह्यांनी पट्टा काढून उन्हात टाकला आणि स्वतःही शेजारी बसले. म्हटलं, दोघांपैकी गिरणीला कोणता लावायचा? हसले नाहीत. बायका डबे घेऊन ओट्यावर कुडकुडत. विषय एकच. "लय हिव हाय बाप्पा यंदा."

वैशू आणि पोरगी बऱ्या आहेत. दवाखान्यातून घरी येऊन आठवडा होत आला. पोरीचं नाक थेट आत्याबाईंचं. सासूचं नाक माझ्या नातीच्या तोंडावर येऊन बसलं, माझं मेलं काहीच उचललं नाही पोरीनं.

बारसं लांबणार. जावई तिकडे हिमाचलात बोगद्याच्या कामावर, रस्ता बर्फानं बंद. वैशू हट्टाला पेटली, नितीन आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. पण बिननावाचं बाळ घरात फार दिवस असलं की मला...

९ जानेवारी
नितीनरावांचा व्हिडिओ आला. सगळं पांढरं. पत्रे पांढरे, गाड्या पांढऱ्या, बादलीतलं पाणी दगड. आत्याबाईंनी मोबाइल डोळ्यापाशी धरून पाहिलं, म्हणाल्या, "कापूस सांडला व्हय?"

मग फोनवर बोलले. मी म्हटलं, सांभाळून राहा. तर म्हणतात, "मामी, तुमी उगाच घाबरता. इथं शेजारच्या घरी पोट्टं झालं, याच बर्फात. काई होत नाई. गुंडाळते, छातीशी धरते, ऊन पडलं का बाहेर घेऊन बसते. गुबगुबीत हाय."

चांगलीच बातमी. मी हो हो म्हटलं आणि फोन वैशूला दिला. पण तेव्हापासून डोक्यात तेच. बर्फात जगतात. मग आपल्याकडे, ज्वारीच्या मुलखात, माझा कसा गेला?

वैशूच्या आधीचा. पौषात झाला, माघात गेला, बारशाआधी. आदल्या दिवशी घटकाभर ऊन पडलं, तेव्हा मीच त्याला अंगणात घेऊन बसले होते. आत्याबाई नको म्हणत होत्या. लोक भेटायला आले तेव्हा मी आतल्या खोलीत होते आणि आत्याबाई ओसरीवर एकेकाला सांगत होत्या, हिवानं नेलं. हिवानं नेलं. ते मला ऐकवायलाच, असंच धरून चालले आजवर. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही नाही.

खरंच किती थंडी होती तेव्हा? माझ्या अंगाला तर ती आयुष्यातली सगळ्यात मोठी थंडी आठवते. दात वाजत होते. पण दात वाजायला दुसरंही कारण होतं.

१२ जानेवारी
ह्यांना विचारलं, सरळ नाही, आडून. "अहो, यंदासारखी थंडी आधी कधी होती?"

झालं. आवडता विषय. वरण गार होईपर्यंत बोलले. एक, तूर जळाली ते साल. दहिवर पडून उभी तूर एका रात्रीत काळी, विहिरीचं काम चालू होतं तेव्हाचं. दोन, गारांचं साल. वावर पांढरंशुभ्र, नितीनच्या व्हिडिओसारखंच. गारा बादलीत भरून ठेवल्या त्या दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिल्या आणि वैशूनं साखर घालून खाल्ल्या. तीन, हे शाळेत होते तेव्हाची. तिच्यात ह्यांचे पाय फुटून रक्त यायचं आणि मास्तर तरी कवायत घ्यायचे.

तीनच. मी म्हटलं, "आणखी?" म्हणाले, "आनखी काय पायजे तुले? तीन पुरत नाईत?"

आमची थंडी त्यांच्या यादीत नाही. पोराचे बाप आहेत. मुद्दाम गाळली की तिथं नव्हतीच, कळलं नाही. ताट उचललं.

१५ जानेवारी
संक्रांत झाली तरी थंडी हलत नाही. उलट वाढली. हरभरा उशिरा पेरलेला, अजून हिरवागार, फूल लागतं नि गळतं. हे रोज बांधावर उभे राहून त्याच्याकडे रागानं बघतात.

गिरणीवर येईल तिला तीळगूळ आणि तोच प्रश्न. हसतात मला. एकीला तिची म्हैस व्याली त्या सालची थंडी आठवते. एकीला लग्नातली, कारण हळदीच्या अंगावर गार पाणी ओतलं होतं दिरानं. "अजून बोलत नाई मी त्याच्याशी!" प्रत्येकीची वेगळी, आणि जिची तिची सगळ्यात मोठी. मजा वाटली. थंडी एकच असते की बाईगणिक वेगळी?

माझं साल कोणाकडेच नाही.

१९ जानेवारी
अनसिंगच्या बाजाराला गेले. पोरीला टोपडी, मोजे. कांतीशेटच्याच दुकानात, दुसरीकडे गेलं तर रुसतात. आता मुलगा गल्ल्यावर असतो, शेट आतल्या गादीवर मफलर गुंडाळून.

म्हटलं, "शेट, तुमच्या मोठ्या पोरीचं लग्न आठवते?" कारण ते त्याच माघातलं. पत्रिका आली होती आणि आम्ही सुतकात होतो, म्हणून पक्कं लक्षात.

"आठवते म्हनजे? उमरभर नाई विसरनार. वरातीवाले घामानं भिजून राह्यले होते बाई! माघ महिना अन् मांडवात पंखे लावा लागले. सरबताले बर्फाच्या लाद्या मागवल्या वाशीमहून. अन् वरून माझा नवा माल पडून, रग, स्वेटर. कोनी हात नाई लावला. आभाळ भरलेलं, उकाडा नुसता. हिवाळा आलाच नाई त्या साली."

मी म्हटलं, "नक्की तेच साल?"

"माझ्या पोरीचं लग्न मी विसरीन का?"

टोपडी घेतली. लाल. बसमध्ये पिशवी मांडीवर धरून बसले. थंडी नव्हती. पंखे होते. गावापासून इतक्या जवळ लोक बर्फ घालून सरबत पीत होते.

मग मी त्याला उन्हात नेलं म्हणून काही झालं नाही. इतकं सोपं वाक्य, पण बस गावात पोचेपर्यंत मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. हलकं वाटलं. डोळे भरून आले, शेजारच्या बाईनं विचारलं, "काहून वो, बरं नाई का?" म्हटलं, वारं लागलं.

उतरल्यावर दुसरं वाक्य आलं. मग कशानं गेला?

२० जानेवारी
शेट म्हातारे झाले. दोन लग्नं एकात मिसळली असतील. त्यांना चार मुली आहेत. एकाच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा?

२३ जानेवारी
ह्यांनी काल रोडगे हाणले, आज पोट धरून. आत्याबाईंनी लगेच आंब काढली. हरभऱ्याची. घरामागच्या वावरात हिवाळ्यात संध्याकाळी हरभऱ्यावर जुनं धोतर पसरतात, पहाटे दवानं भिजलं की पिळतात. इतकी आंबट की धोतराला भोकं पडतात. चमचाभर पाण्यातून दिली. ह्यांनी तोंड असं केलं की पोरगी रडायला लागली.

कोनाड्यात बाटल्यांची रांग. कुठल्या सालची कुठली, आत्याबाईंना बाटलीवरून माहीत. औषधाची चपटी म्हणजे तूर जळाली त्या सालची, "लय जहाल, हिव जास्त तं आंब जास्त." सरबताची हिरवी म्हणजे वैशूच्या लग्नाची.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अन् वैशूच्या आधीच्या सालची?"

"त्या साली कुठची आंब! रोज आभाळ. दव पडलंच नाई. संध्याकायी धोतर टाकावं अन् सकायी तसंच कोरडं उचलावं. घाट्यात अळी पडली, दुसरं..."

तिथंच थांबल्या. माझ्याकडे बघितलं नाही. पदरानं बाटल्या पुसायला घेतल्या, ज्या पुसलेल्याच होत्या.

म्हणजे शेट चुकले नाहीत. हिव नव्हतं, आणि हे आत्याबाईंना माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. धोतर रोज त्याच उचलत होत्या.

मग हिवानं नेलं असं त्यांनी म्हटलं काहून?

२७ जानेवारी
आशाताई पोरीचं वजन करायला आल्या. वजन छान. खोलीत शिरल्या आणि शेगडी बघून थबकल्या. वैशूच्या खाटेखाली, निखारे, वर ओवा-शेपा. बाळंतिणीचा शेक. आत्याबाई स्वतः भरतात, हिव असो नसो.

"आजी, बंद खोलीत कोळसा नका ठेवू. धूर दिसत नाई, पन जहर असते त्यात. मायचं डोकं दुखते, अन् बाळ झोपेतच..." पुढचं बोलल्या नाहीत, वैशू होती म्हणून. खिडकी उघडली.

वैशू म्हणाली, "सांगूनच राह्यली मी आजीले! माझं डोकं सकाळी असं जड राह्यते."

मी दारात उभी होते. हातात चहाचा कप. आत्याबाईंनी काही वाद घातला नाही. त्या वाद घालत नाहीत असं कधी होत नाही. दोन फडकी घेतली, शेगडी उचलली आणि स्वतः ओसरीवर नेऊन ठेवली. या वयात. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "सोड. मीच नेतो."

चहा गार झाला.

२९ जानेवारी
लिहू की नको.

त्या खोलीतही शेगडी होती. असतेच. दार लावलेलं, खिडकीला पोतं, बाळंतिणीला वारा नको म्हणून. सकाळी मला उठवत नव्हतं, डोकं फुटत होतं, ते आता आठवतंय. तेव्हा वाटलं रडून रडून. पण मी रडायच्या आधीच दुखत होतं ना? बाळ माझ्या कुशीत गार होतं हे मला उठल्यावर कळलं. मग डोकं आधी कशानं दुखत होतं?

राग आला. खूप आला. गिरणीत दोनदा ज्वारीवर गहू ओतला. इतकी वर्षं मी उन्हाला घाबरले, वैशूला सहा महिने घराबाहेर काढलं नाही. आणि हिव नव्हतंच.

नंतर वाटलं, तेव्हा मुलं कशानंही जायची. माझ्या डोक्याच्या एका दुखण्यावरून मी कोणाला काय म्हणणार? त्यांनाही परवापर्यंत माहीत नव्हतं. निखारे मायेनंच भरले होते, सुनेला शेक मिळावा म्हणून. हिव म्हणाल्या ते मला बोल लावायला, की कोणालाच बोल लागू नये म्हणून, की त्यांना तरी दुसरं काय सुचलं असतं? कुठलंच पक्कं नाही.

४ फेब्रुवारी
थंडी आहे तशीच. आत्याबाईंचं जेवण कमी झालंय. दिवसभर वैशूच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसतात. खिडकी कोणी लावली की उठून उघडतात. वैशू म्हणते, "आजी, आता हिव लागते पोरीले, लाव नं." तर तिसरं दुपटं आणून घालतात, खिडकी उघडीच.

मी विचारणार होते. काल भाकरी थापताना वाक्य जुळवलं होतं. त्या समोर लसूण सोलत होत्या. नाही विचारलं.

नितीनरावांचा रस्ता एक दिवस उघडला, परत बंद. पोरीला अजून नाव नाही.

८ फेब्रुवारी
आज सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "चाल, धोतर पिळाले. मायानं एकटीनं होत नाई." बऱ्याच वर्षांनी बोलावलं मला.

वावरात तोंडातून वाफ निघत होती. धोतर जड, गच्च भिजलेलं. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. पीळ देत गेलो. खाली पितळेचं पातेलं. आंब पडत होती, हात झोंबत होते. यंदा जन्मात निघाली नसेल इतकी निघाली.

पिळता पिळता त्या थांबल्या. टोक हातात तसंच. पातेल्याकडे बघत म्हणाल्या, "त्या साली हिव होतं नं वं?"

कोणत्या साली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कोरडं धोतर, पंखे, बर्फाच्या लाद्या, सगळं जिभेवर आलं. त्यांनी मान वर केली. आत्याबाईंनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, मी सासू आणि त्या सून असल्यासारखं.

म्हटलं, "होतं, आत्याबाई. लय होतं."

त्यांनी मान हलवली. "मंग," म्हणाल्या. आणि पुन्हा पीळ द्यायला लागल्या, माझ्यापेक्षा जोरानं.

बरोबर केलं का, माहीत नाही. त्यांना पटलं का, तेही माहीत नाही. घरी येऊन बाटली भरली, बूच लावलं. आत्याबाईंनी ती रांगेत ठेवली नाही, माझ्या हातात दिली. "ही तुयी."

खोलीत पोरगी जागी होती. लाल टोपडं डोळ्यांवर आलेलं, खिडकीतून गार वारं सरळ आत. मी तिला छातीशी धरलं आणि अंगणात उन्हात नेऊन बसले. कोणी नको म्हटलं नाही.