पोळ्याचं नाणं

१८ ऑगस्ट, सोमवार
सणांच्या नाण्यांचा अल्बम उघडला. पोळ्याचं नाणं नाही! दिवाळीची लक्ष्मी हाय, संक्रांतीची पतंग हाय, मैत्रीण शबानानं देलेला ईदचा चांद हाय. पोळ्याचा खिसा रिकामा. पितळीच होतं, वर मुलामा. पण बैलजोडीचं तसं नाणं अख्ख्या मालेगावात दुसऱ्या कोनाजवळ नाही. शिलाई मशीनचा खण, पलंगाखालची पेटी, सारं पालथं घातलं.
ह्यायले विचारलं. पेपरातून मान न काढता म्हणे, "ते? संतोषले देलं. काल आलता, आवडलं त्याले."
संतोष म्हणजे धाकटे दीर, किन्हीराजाले शेती करतात.
"मले न विचारता?"
"नाणंच तं होतं. बाजारात चालते काय ते?"

१९ ऑगस्ट
भाजीत मीठ बरोबर टाकलं. नाहीतं म्हणतील, रागानं खारट केली.
मी ह्यायचा जुना रेडिओ कोनाले देऊन टाकला असता तं? घर डोक्यावर घेतलं असतं.

२१ ऑगस्ट
सराफाकडे गेलती. म्हणे, बैलजोडीचं एकदाच काढलं, खपलं नाही, बंद केलं. यंदाचं राखीचं घ्या. राखीचं!
मंग शबानाच्या बांगड्यांच्या दुकानात बसली. ती म्हणे, "वापस मांग ना. चीज तेरी है."
घरी हे म्हणे, घरातल्या माणसाले परत मागणं वाईट दिसते. देताना नाही दिसलं?

२२ ऑगस्ट, पोळा
किन्हीराजा. भाऊजीइनं बैल सजवले. हरण्याच्या गळ्यात, घुंगरांच्या मधात, माझं नाणं! भोक पाडून लाल गोंड्यात ओवलेलं. अंगाची आग झाली. साऱ्यायसमोर म्हटलं, "भाऊजी, ते माझं हाय. भोक काहून पाडलं?"
सासूबाई म्हणे, "सणासुदीले हे काय, सूनबाई?" हे जमिनीकडे पाहून राह्यले.
भाऊजीचा चेहराच उतरला. "वैनी, तुमचं हाय हे दादानं सांगितलंच नाही. मले वाटलं, बैलाचं नाणं, बैलाले घालावं. काढू काय? तुमी म्हणसान तसं."
मी म्हणीन तसं. इतक्या दिवसांत हे एकट्या भाऊजीइनं विचारलं.
हरण्यानं मान हलवली. खोटं कायले लिहू, शोभत होतं. त्याचा अजूनच राग आला.
"सांगते," म्हटलं.

२४ ऑगस्ट, रविवार
सकाळी भाऊजीचा फोन. "वैनी, काय ठरलं?"
हे दाढी करता करता म्हणे, "राहू दे म्हण त्याले. मिटव विषय."
मी फोनवर म्हटलं, "विचार करून राह्यली, भाऊजी. घाई नाही." मंग ह्यायच्याकडे वळून, "नाणं माझं हाय. ठेवीन का देईन, ते मी पाहीन."
ह्यायच्या गालावरचा साबण तसाच वाळत राह्यला.