युरिडिसीचा चेहरा

४ नोव्हेंबर
पुण्याहून आले एकदाची. अल बर्शातल्या या व्हिलात मला स्वतंत्र खोली, भरपूर उजेड आणि एसी असा की दुबईत स्वेटर घालून बसलेय. काम एकच: व्हिक्टोरियन काळातलं एक तैलचित्र साफ करायचं. मालकीणबाई, इनाया मॅडम, हिंदीत म्हणाल्या की आरामात करा, डिसेंबरपर्यंत खलास झालं म्हणजे झालं, इन्शाल्ला.

चित्रात ऑर्फियस मेलेल्या बायकोला, युरिडिसीला, पाताळातून परत आणतोय. अट अशी की उजेडात पोचेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. गोष्टीत तो पाहतो आणि ती कायमची जाते. या चित्रकाराने त्याला अजून वळू दिलेलं नाही. हातात विझत आलेली मशाल, पायाशी अफूची फुलं, म्हणजे मरणाची झोप. मागे काजळीखाली ती. त्याच्या खांद्यावरचा तिचा हात तेवढा दिसतो.

७ नोव्हेंबर
कापसाच्या बोळ्यावर थुंकी घेऊन मळ काढते. लोक नाकं मुरडतात, पण आमच्या धंद्यात हेच चालतं. सत्यजित चिडवायचा, नवऱ्याला कधी इतकं हळुवार पुसलं नाहीस. मी डबा विसरून निघाले तर धावत जिना उतरायचा आणि पुढे येऊन उभा राहायचा. मागून हाक मारू नये, म्हणायचा.

मार्चमध्ये गेला. स्मशानातून निघताना दिरांनी बजावलं, वळून पाहायचं नाही. मी पाहिलं नाही. फार सलतं ते.

१२ नोव्हेंबर
काम करताना मागे कुणीतरी उभं राहतं. सत्यजितच्या माक्याच्या तेलाचा वास येतो. घाबरले नाही, रडले. मी वळणार नाही. वळले नाही तर तो राहील. आरसाही पालथा घातलाय.

१५ नोव्हेंबर
आज युरिडिसीचा चेहरा साफ केला. चेहरा नाहीच. डोळे नाहीत, नाक नाही. चित्रकाराने काढलाच नव्हता. आणि हात नुसता ठेवलेला नाही, बोटं खांद्यात रुतलीत. त्याने वळावं असं तिलाच वाटतंय.

१६ नोव्हेंबर
माझ्या खांद्यावर हात. गार. बोटं रुततायत —

१७ नोव्हेंबर
हाक आली. मागून.
सत्यजित मागून हाक मारत नसे. कधीच.
म्हणजे हा तो नाही.

१८ नोव्हेंबर
पुन्हा हाक — आवाज अगदी त्याचा — तो नाही, कळतंय मला — पण मार्चपासून हा आवाज ऐकला नव्हता — तेव्हा एकदा वळले असते तर — एकदाच, नुसतं —