बांधाला पोट आलं आहे

९ जून, सोमवार

ओळंब्याची दोरी आज मधल्या दगडाला टेकली. गेल्या आठवड्यात दोहोंमध्ये बोट जात होतं. म्हणजे बांधाला पोट येत आहे – आता शंका उरली नाही!

नीट मांडून ठेवतो; भूगोल शिकवण्याची सवय जात नाही. आमचं हे बंदराचं गाव, ओनोमिची, डोंगराच्या अंगावर बसलं आहे. एकाचं अंगण दुसऱ्याच्या छपराच्या उंचीला, आणि मधे चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध. पाऊस वरच्या मातीत मुरतो आणि बांधात बसवलेल्या नळ्यांवाटे बाहेर पडतो. तो पडला नाही, तर माती फुगते आणि सगळा भार दगडांच्या पाठीवर येतो. काय सुंदर व्यवस्था आहे – चालते तोवर!

या बांधाच्या वर ‘ते घर’. युद्धाआधी तिथे एक लेखिका भाड्याने राहिली. पुढे एका गाजलेल्या चित्रपटातला निरोपाचा प्रसंग त्याच ओसरीवर आणि याच बांधापाशी चित्रित झाला. निवृत्तीपासून ते मी झाडतो, उघडतो, लोकांना दाखवतो. बांधाच्या खाली तोमिए ओकुहाराबाई राहतात. वय ब्याऐंशी. एकट्या.

रविवारी चित्रपटाच्या चाहत्यांचा मेळावा आहे. सगळे त्या ओसरीवर बसणार, मी बोलणार. नगरपालिकेला कळवलं, तर घराला टाळं लागेल आणि मग ते पाडलं जाईल. न कळवलं तर – खाली तोमिएबाई आहेत.

१० जून, मंगळवार

जतन मंडळाची बैठक. अध्यक्ष निशिगाकी; धक्क्याजवळ त्याची खानावळ आहे, आणि तो माझाच विद्यार्थी. मी आकृती काढून सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं, सगळ्यांना चहा ओतला आणि म्हणाला, “सर, तुम्ही शाळेतसुद्धा ढग बघून सहल रद्द करायचात. आणि मग ऊन पडायचं.”

सगळे हसले. मीही हसलो. ऊन पडायचं हे खरं आहे.

रविवारपर्यंत थांबावं असं ठरलं. मी हात वर केला नाही. खालीही ठेवला नाही. कानापर्यंत नेऊन कान खाजवला.

११ जून, बुधवार

पाऊस. दोरी दगडावर रेलली आहे.

१२ जून, गुरुवार

सकाळभर धो धो. छत्री घेऊन बांधाखाली उभा राहिलो – नळ्या कोरड्या! एकीतूनही थेंब नाही. इतका पाऊस गेला कुठे? उत्तर एकच: दगडांच्या मागे.

तोमिएबाईंना म्हटलं, चार दिवस आमच्याकडे राहायला या. त्यांनी आधी मला बसवलं, सुकवलेली मासळी भाजून पुढे ठेवली. नको म्हणाल्या. दुसऱ्याच्या घरी नहाणीपाशी ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करण्यातच रात्र सरायची म्हणे. आग्रह केला, तर म्हणाल्या की नवरा पन्नास वर्षं या बांधाला घाबरत राहिला आणि शेवटी गेला सर्दीने.

मी नळ्यांचं सांगितलं. त्यांनी मासळी माझ्याकडे आणखी सरकवली. मग म्हणाल्या, “त्या मी बुजवल्यात, सर.”

“कशासाठी?”

“फोटोत दिसतात ना. चित्रपटात नव्हत्या. गेल्या शरदात टोकियोहून एक मुलगी आली होती, त्या नळ्या बघून बिचारीचा चेहरा पडला. एवढ्या लांबून येतात लोक. मला कसंतरीच झालं.”

आतून चिंध्या, बाहेरून शेवाळं. इतक्या सफाईने की माझ्याही डोळ्यांना कधी खुपलं नाही. स्वयंपाकाच्या लांब काड्यांनी आम्ही दोघांनी एकेक बोळा उपसला. तांबडं पाणी असं उसळलं की बाईंची चप्पल गटारात गेली! त्या पाण्यात उभ्या राहूनच पुन्हापुन्हा वाकून माझी माफी मागत होत्या. मी कारण समजावलं – माती, भार, पाणी. प्रत्येक वाक्याला त्यांनी मान डोलावली. पुन्हा करणार नाही ना, असं मी विचारलं नाही. अपमान झाला असता.

१३ जून, शुक्रवार

पाऊस चालूच, पण दोरी आणखी रेललेली नाही. नळ्या वाहताहेत. निशिगाकी बघायला आला, म्हणाला, “पडलं ना ऊन?”

नगरपालिकेचा नंबर काढून ठेवला होता. फोन केला नाही. मेळावा झाला की करू. पोट आलेला बांध आपोआप मागे जात नाही, हे मला माहीत आहे. तरी.

१४ जून, शनिवार

उघडीप. नळ्यांतून आता निवळ पाणी, म्हणजे आतली माती वाहून जात नाही. उत्तम लक्षण! ओसरी पुसली. समोर बोट बेटाकडे निघाली होती. चित्रपटात निघते तशीच. भाषण मनात दोनदा म्हणून पाहिलं.

तोमिएबाईंनी खालून विचारलं, पाहुणे नक्की येणार ना. नक्की, म्हटलं. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

१५ जून, रविवार

पहाटेपासून पाऊस. नळ्या कोरड्या. प्रत्येकीच्या तोंडाशी ताजं, हिरवंगार शेवाळं, बोटाने नीट दाबून बसवलेलं. तोमिएबाई डोक्याला नवा रुमाल बांधून दारात उभ्या होत्या. “फक्त आजच्या दिवस, सर. ते गेले की लगेच काढते.”

पाहुणे येत राहतील तोवर त्या हे करत राहतील.

नगरपालिकेला फोन केला. ते घर पाडा म्हणालो.